भिंतीकडची पाचर

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता गळून पडू देत! यातला शब्दन् शब्द खरा आहे. हसताय काय? पाण्याच्या टाकीत मगर होती असं मी सांगितलं होतं, ते सोडा. शेजारचा बोका दाराची बेल वाजवून आत यायचा, तेही सोडा. बेलपर्यंत त्याचा पंजा पोचत नव्हता, कबूल. पण ही गोष्ट तसली नाही. जिची आहे तिनेच मला सांगितली. आम्ही भिंतीला भिंत लागून राहायचो. मटार सोलता सोलता सांगितली, आणि सांगताना तिने एक दाणा तोंडात टाकला नाही. त्यावरून काय ते समजा.

ती होती शिशुवर्गाची बाई. चाळिशीला टेकलेली, अंगाने काटकुळी, पण नुसतं "अं?" म्हणाली तरी अख्ख्या वर्गाचा कालवा बंद व्हायचा. शाळेच्या तळमजल्यावर कोपऱ्यातली खोली तिची. दोन खिडक्या, एक फळा, बावीस पोरं, बावीस नाकं, आणि त्यातली निम्मी कायम वाहणारी.

दरवर्षी ती पोरांना यंत्रं शिकवायची. यंत्र म्हटलं की पोरं ओरडायची, मोबाइल! मिक्सर! रोबो! बाई म्हणायची, "ज्याला वायर नाही, बॅटरी नाही, असं यंत्र सांगा बघू." मग ती जॅमच्या बरणीचं झाकण फिरवून दाखवायची. हा स्क्रू. पडद्याची दोरी ओढायची. ही कप्पी. कात्री उघडायची, मिटायची. ही तरफ, आणि एक नाही, दोन तरफा पोटाला पोट लावून बसलेल्या. "आपल्या अंगात जोर कमी पडतो ना," ती म्हणायची, "तेव्हा ही मंडळी मदतीला येतात."

तरफेच्या दिवशी तर मजाच. शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे भारदस्त प्रकरण. खुर्चीत बसल्या की आधी खुर्ची बोलायची, मग त्या. त्यांना वर्गात बोलावून एका लांबलचक फळीच्या टोकावर उभं करायचं, त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर फळीखाली वीट सारायची, आणि पार दुसऱ्या टोकावर वर्गातली सगळ्यात छोटी पोर बसवायची. त्या वर्षीची छोटी म्हणजे 'कशाला'. पोरीचं खरं नाव तिच्या आईलासुद्धा आठवून सांगावं लागायचं, प्रत्येक गोष्टीला "कशाला?" विचारायची म्हणून सगळे तिला कशालाच म्हणत. तर ही चिमूटभर कशाला फळीवर बसली आणि मोठ्या बाई गेल्या वर! "अगं बाई गं!" म्हणाल्या. ही थाप नाही हं. फळी घ्या, वीट घ्या, करून बघा.

वर्गाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. सहा चौकोन, सहा चित्रं. चाक, तरफ, कप्पी, उतरण, स्क्रू ही पाच उघडी. सहाव्या चौकोनावर कागदाचं मोठं फूल चिकटवलेलं. कितीतरी वर्षं होतं ते तिथे. मळलं की बाई नवीन करून लावायची. यंत्रं किती, असं विचारलं की पोरं एका सुरात म्हणायची, "पाच!" आणि बाई पुढच्या धड्याकडे वळायची.

त्या दिवशी कशाला खुर्चीवर चढली आणि तिने ते फूल ओढून काढलं.

"बाई, हे कशाला झाकलंय?"

"झाकलं नाही गं. सजवलंय."

"मग खाली चित्र कशाला?"

तोवर सगळी फौज तक्त्याखाली जमली. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने निमुळतं होत गेलेलं एक लाकूड, एवढंच चित्र.

"केकचा तुकडा!"

"टोपी!"

"अशी असते होय टोपी? तुझ्या डोक्यासारखी!"

"घसरगुंडी आहे ती," कशाला म्हणाली. "बाहुलीची घसरगुंडी."

बाईच्या हातातला खडू मोडला. तिने दोन्ही तुकडे खाली ठेवले, हात पुसले, पुन्हा पुसले. "उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या कशाला?"

पण घंटा झाली, आणि दारात मुकादम उभे होते.

मुकादम म्हणजे बाईचे वडील. एकेकाळी अवजड सामान हलवणाऱ्या माणसांच्या टोळीचे पुढारी. ते काम सोडून बत्तीस वर्षं झाली होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आता म्हातारे झाले होते. घरी गॅलरीत बसून लाकूड तासायचे आणि वर्गासाठी खेळणी करायचे. छोटी गाडी, छोटी कप्पी, उतरणीची फळी, सगळं त्यांच्या हातचं. हात असे की लाकूड आपणहून आकार घ्यायचं म्हणा ना. पण स्वतःच्या हातावर त्या माणसाचा काडीचा भरवसा नव्हता. घराला कुलूप लावायचे, दोन जिने उतरायचे, परत वर येऊन कुलूप ओढून बघायचे. पुन्हा उतरायचे, पुन्हा वर. गॅसचं बटण तीनदा. दाराची कडी तीनदा. बाईने लहानपणापासून हेच पाहिलं होतं.

आणि त्या पावसाळ्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना आता हळूहळू विसरायला होईल. कालचं आधी जाईल. जुनं सगळ्यात शेवटी."

जुनं सगळ्यात शेवटी. हे तीन शब्द ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. का, ते सांगते.

मुकादम मोडलेली खेळण्यातली गाडी दुरुस्त करून घेऊन आले होते. कशाला त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आजोबा, गाडी तुम्ही केली?"

"हो."

"कप्पी तुम्ही केली?"

"हो."

"मग सहावं कशाला नाही केलं?"

मुकादमांनी मान वर करून तक्त्याकडे पाहिलं. फूल गेलेलं, चित्र उघडं. हातातली गाडी खाली ठेवली.

"ती पाचर आहे, बाळ. ती मला जमत नाही."

"तुम्हाला सगळं जमतं."

"करायला जमते. लावायला जमत नाही. एकदा मी ती लावायलाच विसरलो, आणि लावली म्हणून ओरडलो. एका माणसाचा पाय गेला."

"मग सॉरी म्हणालात?"

"नाही. मला त्याला तोंडच दाखवता आलं नाही."

"कशाला?" पोरीने विचारलं. बाई फळा पुसत होती. फळा केव्हाचा कोरा होता.

घरात बाईपुढे हा विषय कधी निघाला नव्हता. एका पाच वर्षांच्या पोरीला त्यांनी सांगितलं ते बाईला बत्तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

आता मागचं ऐका. बाई तेव्हा सहा वर्षांची. आई दवाखान्यात होती, पोरीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून मुकादम तिला कामावर घेऊन गेले. पाच माणसांची टोळी. त्यात लंबू नावाचा, मुकादमांचा जिवाभावाचा. एवढा उंच की दारातून आत यायचा तो नमस्कार केल्यासारखाच यायचा. पोरीला खांद्यावर बसवायचा. ती म्हणे तिथून दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांशी गप्पा मारायची.

त्या दिवशी एका जुन्या इमारतीतून लोखंडी तिजोरी खाली आणायची होती. रस्ता उताराचा. दोन मोठ्या चाकांची हातगाडी भिंतीला समांतर उभी केलेली, एक चाक रस्त्याकडे, एक भिंतीकडे. या टोळीचा एक कायदा होता. गाडी रिकामी असतानाच दोन्ही चाकांखाली उताराच्या अंगाने पाचर सारायची, हातोडीचे तीन ठोके द्यायचे, आणि ज्याने लावली त्यानेच ओरडायचं, "लागली!" तो आवाज ऐकल्याशिवाय कोणी गाडीवर वजन ठेवायचं नाही, आणि ऐकल्यावर कोणी वाकून बघायचं नाही. बघणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. पाचरी मुकादमांनी स्वतः केलेल्या, मागच्या अंगाला दोन खाचांची खूण.

मुकादमांनी पाचरी लावल्या. ठोके दिले. "लागली!" म्हणून ओरडले. माणसं तिजोरी आणायला आत गेली.

पोर राहिली गाडीपाशी. हातात बाहुली. सहा वर्षांची पोर, तिला काय ठाऊक ते लाकूड कशाला आहे? तिला दिसली बाहुलीची घसरगुंडी. रिकामी गाडी, हलकं चाक. दोन्ही हातांनी ओढली आणि भिंतीकडची पाचर निघाली. फ्रॉकखाली पोटाशी धरून ती समोरच्या पायरीवर जाऊन बसली.

तिजोरी आली. लंबू गाडी आणि भिंत यांच्यामध्ये उभा राहून वजन घेत होता. तिजोरी गाडीवर टेकली, रस्त्याकडचं चाक जागच्या जागी राहिलं आणि भिंतीकडचं सुटलं. गाडी गरकन फिरली. मागचं टोक भिंतीवर आपटलं. मध्ये लंबूचा पाय होता.

नंतर मुकादमांनी गाडीखाली पाहिलं. रस्त्याकडे पाचर होती. भिंतीकडे नव्हती. नाही म्हणजे लावलीच नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. दुसऱ्या कोणी त्यांना बोल लावला नाही, त्यांनीच लावून घेतला. टोळी सोडली. एका सुताराकडे खुर्च्यांना पॉलिश करायला लागले. तिथे काही चुकलं तर फार तर कोणाची पँट चिकटते. लंबू पुढे काठी घेऊन चालायला लागला, त्याने दोन रस्ते सोडून एका गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मुकादम त्या गल्लीत कधी शिरले नाहीत. बाजाराला जायचं तर लांबचा वळसा घ्यायचे. लंबूने निरोपावर निरोप पाठवले. एकाचंही उत्तर गेलं नाही.

आणि पोर? दोन दिवस ती पाचर उशीखाली घेऊन झोपली. तिसऱ्या दिवशी आबा, म्हणजे मुकादम, दवाखान्यातून घरी आलेल्या आईला म्हणताना तिने ऐकलं, "मी विसरलो गं. मीच विसरलो." पोरीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग एक दिवस गेला, मग आठवडा, मग वर्ष. पहिल्या दिवशी जे एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला आता दहा वाक्यं लागली असती, मग शंभर. शेवटी ती स्वतः पोरांना शिकवायला लागली, आणि तक्त्यावर फूल चिकटवून मोकळी झाली. मोकळी कसली!

आता कळलं ना, घास का उतरत नव्हता? सगळं विसरून झाल्यावर त्या माणसाजवळ शेवटी उरणार होतं ते हेच, की मी लावायला विसरलो. आणि ते खरं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाईने कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

"आबा, बसा जरा."

"कडी बघतो."

"तीनदा बघितलीत. बसा ना."

डब्यात बाहुलीच्या फ्रॉकचा एक चिंधीएवढा तुकडा होता. त्यात गुंडाळलेलं तिने टेबलावर ठेवलं. मुकादमांनी चष्मा शोधला नाही. हातात घेऊन अंगठा मागून फिरवला. पहिली खाच. दुसरी खाच. अंगठा तिथेच थांबला.

"ही कुठे मिळाली तुला?"

"माझ्याकडेच होती."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून." मग तिने एका दमात सांगितलं, थांबली असती तर राहिलंच असतं. "बाहुलीला घसरगुंडी हवी होती. मी काढली, आबा. ती कशाला लावतात ते मला माहीत नव्हतं. तुम्ही विसरला नव्हता. मी काढली."

खाली अंगणात कोणीतरी पोरांना घरी बोलवत होतं. दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा दम दिला. पोरं गेली.

"कुठली?" त्यांनी विचारलं. "रस्त्याकडची की भिंतीकडची?"

"भिंतीकडची."

"घट्ट होती?"

"हो. दोन्ही हातांनी ओढावी लागली."

"म्हणजे लावली होती मी."

"लावली होती."

त्यांनी मान हलवली. खूप हळू, एखादं जड सामान कुठे धरावं ते बघावं तशी. मग तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली मला, की ते ओरडले असते, हात उगारला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

"बत्तीस वर्षं, चिमणे," ते म्हणाले. बस, एवढंच. पाचर घेतली आणि आपल्या खोलीत गेले. दार लोटलं. कडी बघायला आले नाहीत.

बाई त्या कडीकडे बघत बसली. मग तीच उठली आणि तिनेच ती ओढून पाहिली. तीनदा.

सकाळी जाग आली तेव्हा घर गप्प होतं. गॅलरीत लाकडाच्या ताज्या ढलप्यांचा ढीग, पांढऱ्या, कुरळ्या. मुकादम नाहीत. चपला नाहीत. डॉक्टर असंही म्हणाले होते की माणूस कधी कधी बाहेर पडतो आणि परत यायचं विसरतो. बाई तशीच जिने उतरून धावली. कोपऱ्यावर इस्त्रीवाला कोळसे पेटवत होता.

"आबांना पाहिलंत?"

"आत्ता गेले की. सायकलवाल्याच्या गल्लीत."

"त्या गल्लीत? नक्की?"

"आता मी काय त्यांना ओळखत नाही होय? तेच म्हटलं मनात, आज सूर्य कुठून उगवला."

ती गल्लीच्या तोंडाशी गेली. पाय आत पडेना. त्या गल्लीत बत्तीस वर्षांत तीही कधी गेली नव्हती. शाळेची घंटा ऐकू आली. बावीस पोरं दारात उभी असणार. ती मागे फिरली.

"बाई," वर्गात पाऊल टाकताच कशाला म्हणाली, "उद्या झाला."

तक्त्यावर फुलाचा डिंक तेवढा उरला होता. बाईने तो नखाने खरवडला. मग पोरांना पुढ्यात बसवलं आणि पहिल्यांदाच शिकवलं. "ही पाचर. ही खरं तर उतरणच आहे. पण उतरण एका जागी बसते, आणि ही आत घुसते. कुऱ्हाडीचं पातं पाचर. खिळ्याचं टोक पाचर. तुमचे पुढचे दातसुद्धा पाचर." लगेच बावीस तोंडं उघडली. सात जणांच्या पुढच्या पाचरी पडलेल्या होत्या.

"आणि चाकाखाली लावली की ती चाकाला धरून ठेवते. इतकीशी असते, पण माणसं तिच्या भरवशावर उभी असतात. म्हणून लावलेली पाचर…" तिने चित्रावर बोट ठेवलं. "लावलेली पाचर कोणी काढायची नाही."

बाहेर चाकांचा खडखडाट झाला. आणि एका काठीचा ठक, ठक.

दारातून आधी एक वाकलेलं डोकं आत आलं, मग बाकीचा माणूस. म्हातारपणीही त्याला दार पुरत नव्हतं. मागे मुकादम.

"कुठाय ती घसरगुंडीवाली?" लंबू म्हणाला.

बाई उभी राहिली. पोरं कधी तिच्याकडे बघत, कधी त्याच्याकडे. "लंबूकाका," ती म्हणाली.

"मला इतकी वर्षं वाटायचं, घुशीने नेली." त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "पाय जायचा तो गेला, पोरी. त्याचं मी माझं रडून घेतलंय. तुझ्यापुढे रडणार नाही. पण हा माणूस माझी गल्ली टाळून जायला लागला ना, ते फार लागलं मला. किती निरोप पाठवले, की अरे, मी तुझा आवाज ऐकला होता, लावल्याशिवाय तू ओरडणारा नव्हेस. पण हा ढिम्म!"

"मला वाटलं तू दया दाखवतोयस," मुकादम म्हणाले.

"तुझ्यावर? दया? कधी आरसा बघितलास का?" मग पुन्हा बाईकडे वळून, "बाहुली तरी नीट घसरली का?"

"नाही काका. फारच लहान होती ती."

"वाटलंच मला."

सायकलच्या दुकानातली हातगाडी ढकलत आणली होती त्या दोघांनी. शाळेच्या फाटकाबाहेर रस्ता उताराचा, एका बाजूला कुंपणाची भिंत. गाडी भिंतीला समांतर उभी केली. मुकादमांनी खिशातून दोन पाचरी काढल्या. एक काळवंडलेली, एक नवी पांढरी, पहाटेच तासलेली. दोन्हींवर दोन दोन खाचा. पोरं पायऱ्यांवर रांगेत.

नवी त्यांनी स्वतः रस्त्याकडच्या चाकाखाली सारली. तीन ठोके दिले. मग काळी पाचर बाईच्या हातात ठेवली.

"भिंतीकडची तू लाव."

"आबा, मला नको."

"जिथून काढलीस तिथे लाव."

ती गुडघ्यांवर बसली. पाचर चाकाखाली सारली. हातोडीचा पहिला ठोका तिरपा बसला, दुसरा सरळ, तिसरा सरळ. उठून बघते तर लंबू काठी टेकत टेकत गाडी आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलेला. नेमका तिथेच.

"काका, तिथून बाजूला व्हा ना!"

"ओरड," मुकादम म्हणाले. "जो लावतो तोच ओरडतो."

पायरीवरून कशालाने विचारलं, "बाई, लागली का?"

"लागली," ती पुटपुटली.

"मला काही ऐकू नाही आलं बुवा," भिंतीपासून लंबू म्हणाला. "आणि मी तर इथे उभा आहे."

मग ती ओरडली. "लागली!"

असा आवाज त्या रस्त्याने ऐकला नव्हता. चालती बस जागच्या जागी थांबली. कबुतरं उडाली ती तासभर खाली उतरली नाहीत. समोरच्या न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. दुसऱ्या मजल्यावर एक माणूस शिंकायच्या बेतात होता, त्याची शिंक गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

मग पोरांनी गाडी भरली. बावीस दप्तरं, बावीस बाटल्या, वर्गातली लांब फळी, वीट, आणि हे सगळं कमी पडतंय असं वाटून मोठ्या बाई स्वतःच वर जाऊन बसल्या. गाडी कुरकुरली. चाक केसभर उताराकडे सरकलं, पाचरीला टेकलं आणि थांबलं.

लंबू भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याने खिशातून शेंगदाणे काढून खायला सुरुवात केली.

बाईने आबांकडे पाहिलं. मुकादमांनी दोन्ही हात मागे बांधले होते. भिंतीकडचं चाक त्यांच्यापासून दोन पावलांवर होतं. ते वाकले नाहीत. एकदाही वाकून बघितलं नाही.

झालं. एवढीच गोष्ट.

थांबा, जरा जिभेने चाचपून बघते. एक, दोन, तीन, चार. आहेत. पण हा कोपऱ्यातला हलायला लागलाय, तेव्हा सांगूनच टाकलेलं बरं. बस थांबली, ते खरं. शिंकेचंही खरं, तो माणूस माझ्या ओळखीचा. एकच गोष्ट मी पदरची घातली. 'ती कशाला लावतात ते मला माहीत नव्हतं' असं बाई आबांना म्हणालीच नाही. पोरीची दया आली म्हणून ते मी घातलं. ती म्हणाली होती, "मला माहीत होतं, आबा. सकाळीच तुम्ही सांगितलं होतंत, याला हात लावायचा नाही, ही निघाली की गाडी निघाली. पण दोन होत्या. मला वाटलं, एक पुरेल."

हे ऐकून तो माणूस खोलीत गेला होता. आणि हे ऐकूनच पहाटे उठून दुसरी पाचर तासायला बसला. तासण्याचा आवाज मी माझ्या कानांनी भिंतीतून ऐकलाय.